प्रवाळ मत्स्यालयातील आगंतुक खेकडे

प्रवाळ मत्स्यालयातील आगंतुक खेकडे म्हणजे घरगुती खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात जिवंत खडक, प्रवाळांच्या वसाहती किंवा समुद्री शैवाल यांच्यासोबत नकळत येणारे खेकडे होत. हौशी मत्स्यपालक त्यांना 'हिचहायकर क्रॅब' म्हणतात. ही वर्गीकरणशास्त्रातील संज्ञा नाही. या नावाखाली अनेक कुलांतील, एकमेकांशी दूरचेच नाते असलेले खेकडे येतात. त्यांपैकी काही प्रवाळाचे रक्षण करतात, काही शैवाल खातात, काही पाण्यातील सूक्ष्म अन्नकण गाळून घेतात, तर काही गोगलगायी, लहान मासे किंवा प्रवाळाचे पॉलिप खातात. आढळलेला खेकडा मत्स्यालयात ठेवावा की बाहेर काढावा, हे त्यामुळे त्याच्या ओळखीवर अवलंबून असते. रंग, केसाळपणा किंवा नांगीची काळी टोके यांसारख्या एकाच लक्षणावरून केलेली ओळख बहुधा अपुरी ठरते. शरीररचना, राहण्याची जागा आणि खाण्याची पद्धत या तिन्हींचा एकत्र विचार करावा लागतो.

## आगमनाचे मार्ग

प्रवाळ मत्स्यालयात 'जिवंत खडक' वापरण्याची पद्धत रूढ आहे. मृत प्रवाळांच्या चुनखडीयुक्त सांगाड्यांपासून बनलेला आणि जीवाणू, शैवाल, स्पंज, कृमी इत्यादींनी वसलेला हा खडक असतो. त्यातील जीवाणू माशांच्या मलमूत्रातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पाणी जैविक रीतीने शुद्ध ठेवण्यासाठी हा खडक उपयुक्त ठरतो. खडक सच्छिद्र असल्यामुळे त्याच्या भेगांत लहान खेकडे सहज लपून राहतात. ओलसर अवस्थेत झालेला काही तासांचा प्रवासही ते सहन करू शकतात.

आगमनाचा दुसरा मार्ग प्रवाळांच्या वसाहतींचा आहे. फांद्या असलेल्या पोसिलोपोरा व अ‍ॅक्रोपोरा या प्रजातींच्या प्रवाळांत काही खेकडे कायमचे वास्तव्य करतात. वसाहत समुद्रातून काढली तरी ते फांद्यांमधील आपली जागा सहसा सोडत नाहीत. आणताना नखाएवढा असलेला खेकडा पुढे वारंवार कात टाकून वाढतो. अनेक महिने न दिसलेला खेकडा एखाद्या रात्री अचानक दृष्टीस पडतो, तो यामुळेच.

खडक कोणत्या समुद्रातून आला, हे माहीत असल्यास शक्यतांची यादी बरीच लहान होते. उदाहरणार्थ, पाचू खेकडा कॅरिबियन समुद्रात व लगतच्या पश्चिम अटलांटिकमध्ये आढळतो, तर ट्रॅपेझिया प्रजातीचे रक्षक खेकडे हिंदी व पॅसिफिक महासागरांतील आहेत.

## खरे खेकडे आणि खेकड्यांसारखे प्राणी

खेकडे हे संधिपाद संघातील कवचधारी प्राणी असून दशपाद गणात मोडतात. या गणातील प्राण्यांना नांग्यांसह पायांच्या पाच जोड्या असतात. ब्रॅकियुरा या उपविभागातील प्राण्यांना खरे खेकडे म्हणतात. त्यांच्यात सामान्यतः नांग्यांची एक व चालण्याच्या पायांच्या चार जोड्या स्पष्ट दिसतात आणि उदर आखूड होऊन छातीखाली दुमडलेले असते. नराचे उदर अरुंद व मादीचे रुंद असते.

अ‍ॅनोम्युरा या दुसऱ्या उपविभागातील काही प्राणीही खेकड्यांसारखे दिसतात. त्यांच्या पायांची शेवटची जोडी अतिशय लहान झालेली असून बहुतेक वेळा नजरेस पडत नाही. त्यामुळे चालण्याच्या पायांच्या तीनच जोड्या दिसतात. या गटातील दोन प्रकार मत्स्यालयात नेहमी आढळतात.

पोर्सलिन खेकडे: यांचे शरीर व नांग्या चपट्या असतात. शृंगिका लांब, चाबकासारख्या असून त्या डोळ्यांच्या बाहेरील बाजूने निघतात. खऱ्या खेकड्यांच्या शृंगिका बहुधा आखूड व डोळ्यांच्या मध्ये असतात. तोंडाजवळच्या उपांगांवर पिसांसारखे लांब केस असून ती पंख्यासारखी आळीपाळीने हलवून हा प्राणी पाण्यातील अन्नकण गोळा करतो. नांग्या मोठ्या असल्या तरी त्या मुख्यतः जागेवरून होणाऱ्या झटापटीत वापरल्या जातात. पोर्सलिन खेकडे मत्स्यालयास निरुपद्रवी असतात. संकटात ते पाय चटकन टाकून देतात, म्हणून त्यांना हाताने पकडू नये.

शंखवासी खेकडे: हे गोगलगायींच्या रिकाम्या शंखात राहतात. डायोजेनिडी कुलातील बहुतेक जातींत दोन्ही नांग्या सारख्या असतात किंवा डावी नांगी मोठी असते, तर पॅग्युरिडी कुलात उजवी मोठी असते. लहान जाती शैवाल व उरलेले अन्न खातात. डार्डानस प्रजातीतील जाती मात्र मोठ्या होतात आणि त्या गोगलगायींना व अन्य तळवासी प्राण्यांना त्रासदायक ठरतात.

## ओळखीची लक्षणे

पृष्ठकवच: पाठीवरील कवचाची लांबी-रुंदी, त्याचा आकार (अंडाकृती, चौकोनी, त्रिकोणी किंवा तबकडीसारखा), पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा आणि डोळ्यामागील कडेवर असलेल्या दातांची संख्या ही वर्गीकरणातील महत्त्वाची लक्षणे आहेत. दात मोजण्यासाठी वरून काढलेले स्पष्ट छायाचित्र आवश्यक असते.

नांग्या: खेकड्याच्या आहाराविषयी सर्वाधिक माहिती नांग्यांवरून मिळते. बोटांची टोके चमच्यासारखी खोलगट असल्यास ती खडकावरील शैवाल खरवडण्यास उपयुक्त असतात. टोके अणकुचीदार व कडा धारदार असल्यास मांस फाडता येते. दोन्ही नांग्या असमान असून मोठ्या नांगीत दाढांसारखे बोथट दात असल्यास तिचा उपयोग शंख-शिंपले फोडण्यासाठी होतो.

नांगीचा रंग: नांगीची टोके काळी किंवा तपकिरी असणे, हे धोक्याचे चिन्ह असल्याचा समज प्रचलित आहे. शंख फोडणाऱ्या अनेक खेकड्यांत काळी टोके आढळतात, हे खरे आहे. परंतु झँथिडी कुलातील क्लोरोडिएला व एटिसस या प्रजातींत बोटे गडद रंगाची असूनही टोके चमच्यासारखी असतात. टोकाचा रंग पाहण्यापेक्षा टोकाचा आकार पाहणे अधिक उपयुक्त असते.

केस: केसाळपणा हाही निर्णायक पुरावा नाही. केसांत गाळ व शैवाल अडकून खेकडा खडकाशी एकरूप दिसतो. शिकारी व शैवालभक्षक अशा दोन्ही प्रकारांत केस आढळतात.

मागचे पाय: शेवटच्या जोडीतील टोकाचा खंड चपटा, अंडाकृती व वल्ह्यासारखा असल्यास तो पोहणारा खेकडा समजावा. हे लक्षण सहज दिसणारे व बरेच विश्वसनीय आहे.

रंग: शरीराचा रंग हे सर्वांत कमी भरवशाचे लक्षण होय. एकाच जातीत रंगाचे अनेक प्रकार असतात, पिलांचा रंग प्रौढांहून वेगळा असू शकतो आणि मत्स्यालयाच्या निळ्या दिव्याखाली मूळ रंग कळत नाही.

## प्रमुख गट

### रक्षक खेकडे

ट्रॅपेझिया प्रजातीचे खेकडे प्रामुख्याने पोसिलोपोरा व तिच्या जवळच्या प्रवाळांत, तर टेट्रालिया प्रजातीचे अ‍ॅक्रोपोरात राहतात. त्यांचे पृष्ठकवच गुळगुळीत, चकचकीत व लहान असते. ट्रॅपेझियाच्या नांग्या शरीराच्या मानाने मोठ्या असतात. काही जातींच्या अंगावर लाल ठिपके किंवा जाळीदार रेषा असतात. ते बहुधा नर-मादीच्या जोडीने राहतात आणि प्रवाळाने स्रवलेला श्लेष्म व त्यात अडकलेले कण खातात.

त्यांचे प्रवाळाशी असलेले नाते परस्परांच्या फायद्याचे आहे. पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर पीटर ग्लिन यांनी १९७० च्या दशकात केलेल्या अभ्यासात, प्रवाळ खाणाऱ्या काटेरी मुकुट तारामिनाला हे खेकडे नांग्यांनी चिमटे घेऊन हुसकावतात, असे दिसून आले. फ्रेंच पॉलिनेशियातील मोरेआ बेटाजवळ झालेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, खेकडे काढून घेतलेल्या प्रवाळांपैकी ४५ ते ८० टक्के प्रवाळ महिनाभरात मेले. खेकडे असलेले सर्व जगले. प्रवाळावर साचणारा गाळ हे खेकडे झाडून टाकतात, हे त्याचे मुख्य कारण होते. फांद्यांत खेकडा दिसताच तो उपटून काढणे यामुळे प्रवाळालाच हानिकारक ठरू शकते.

### सायमो

सायमो प्रजातीचे खेकडेही फांदीदार प्रवाळांत राहतात, मात्र त्यांचे कवच गोलसर व केसाळ असते. सायमो मेलॅनोडॅक्टिलस या जातीच्या नांगीची बोटे काळी असतात. पांढऱ्या पट्ट्याच्या रोगाने मरत असलेल्या अ‍ॅक्रोपोरावर हे खेकडे मोठ्या संख्येने जमलेले आढळतात. त्यावरून रोगाचा दोष त्यांना दिला जात असे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाधारित संशोधनात मात्र, खेकडे असताना रोगाचा पट्टा अधिक संथ गतीने पसरतो, असे आढळले. हे खेकडे प्रवाळाच्या ऊती खातात, परंतु रोगट प्रवाळावर त्यांची उपस्थिती ही रोगाचे कारण असेलच, असे नाही.

### झँथिडी व पिलुम्निडी

जिवंत खडकासोबत येणाऱ्या खेकड्यांत या दोन कुलांचे प्रमाण मोठे असते. झँथिडी कुलातील खेकड्यांचे कवच रुंद अंडाकृती असून बोटे बहुधा गडद असतात. पिलुम्निडी कुलातील खेकडे दाट केसांचे असतात. हौशी मत्स्यपालक अशा केसाळ खेकड्यांना सरसकट 'गोरिला क्रॅब' म्हणतात, पण हे कोणत्याही एका जातीचे नाव नव्हे. या दोन्ही कुलांत आहाराची विविधता मोठी असल्यामुळे केवळ कुल ओळखून निर्णय घेता येत नाही. नांगीच्या टोकांचा आकार पाहणे व रात्रीच्या आहाराचे निरीक्षण करणे येथे विशेष आवश्यक असते.

### शंख फोडणारे खेकडे

एरिफिया प्रजातीचे खेकडे दणकट असून त्यांच्या नांग्या असमान असतात. काही जातींचे डोळे लाल असतात. ते गोगलगायी व शंखवासी खेकडे फोडून खातात. फ्लोरिडाच्या समुद्रात वाढवलेल्या खडकासोबत मेनिपे प्रजातीच्या दगडी खेकड्यांची पिले येतात. प्रौढ दगडी खेकडा घरगुती मत्स्यालयात ठेवण्याजोगा नसतो. तळाशी फुटलेल्या कडांचे रिकामे शंख वारंवार सापडू लागले, तर या प्रकारांचा संशय घ्यावा.

### पोहणारे खेकडे

पोर्ट्युनिडी कुलातील थॅलॅमिटा व कॅरिब्डिस या प्रजातींची पिले कधीकधी खडकासोबत येतात. ती चपळ व आक्रमक असून मासे पकडू शकतात. कोकणात चिंबोरी आणि गोव्यात कुर्ली या नावाने बाजारात येणारा चिखलातील मोठा खेकडा याच गटातील असल्याने वल्ह्यासारखा मागचा पाय मराठी वाचकांना परिचित आहे. असा पाय दिसल्यास खेकडा लहान असतानाच वेगळा करणे योग्य ठरते.

### शैवालभक्षक खेकडे

पाचू खेकडा, म्हणजे मिथ्रॅक्युलस स्कल्प्टस, हा चकचकीत हिरवा व काहीसा चपटा असतो. त्याच्या नांगीची टोके चमच्यासारखी असतात. मत्स्यालयात उपद्रव देणारे बुडबुड्यांसारखे शैवाल तो खातो, म्हणून तो मुद्दामही आणला जातो. अन्न कमी पडल्यास मोठा झालेला खेकडा इतर प्राण्यांना त्रास देऊ शकतो. पर्क्नॉन गिब्बेसी हा तबकडीसारखा अतिशय चपटा, लांब पायांचा व चपळ खेकडा असून त्याचाही मुख्य आहार शैवाल आहे.

### इतर गट

सजावट करणारे खेकडे माजॉइडिया या अधिकुलातील आहेत. त्यांच्या अंगावर आकडीसारखे वळलेले केस असतात व त्यांत ते शैवाल, स्पंज किंवा प्रवाळाचे तुकडे अडकवतात. त्यांचा उपद्रव खाण्यापेक्षा कातरण्याचा अधिक असतो. ड्रोमिइडी कुलातील स्पंज खेकडे पायांच्या मागील दोन जोड्यांनी पाठीवर स्पंज धरून हिंडतात. लिबिया प्रजातीचे लहान बॉक्सर खेकडे दोन्ही नांग्यांत एकेक समुद्रपुष्प धरतात व ते निरुपद्रवी असतात. क्रिप्टोकायरिडी कुलातील खेकडे प्रवाळाच्या सांगाड्यातच खळगा करून राहतात. त्यांना बाहेर काढण्याची गरज नसते व ते शक्यही नसते.

## ओळखीचा क्रम

ओळख करताना पुढील क्रम सोयीचा ठरतो.

१. खेकड्याच्या अंगावर काही आहे का? पाठीवर धरलेला स्पंज असल्यास स्पंज खेकडा. अंगभर अडकवलेले तुकडे असल्यास सजावट करणारा खेकडा. नांग्यांत समुद्रपुष्पे असल्यास बॉक्सर खेकडा.

२. चालण्याच्या पायांच्या किती जोड्या दिसतात? तीन जोड्या व लांब शृंगिका असल्यास पोर्सलिन खेकडा. तुटलेल्या पायांमुळे मोजणी चुकू शकते, म्हणून दोन्ही बाजूंचे पाय मोजावेत.

३. शेवटचा पाय वल्ह्यासारखा आहे का? असल्यास पोहणारा खेकडा.

४. खेकडा जिवंत फांदीदार प्रवाळातच राहतो का? कवच गुळगुळीत असल्यास रक्षक खेकडा. गोलसर व केसाळ असल्यास सायमो.

५. नांगीची टोके चमच्यासारखी आहेत का? असल्यास मुख्यतः शैवालभक्षक असण्याची शक्यता अधिक.

६. नांग्या दणकट व असमान असून मोठ्या नांगीत बोथट दात आहेत का? असल्यास शंख फोडणारा खेकडा.

या क्रमाने जातीपर्यंत पोहोचता येत नाही. परंतु ठेवणे, लक्ष ठेवणे किंवा काढणे यांपैकी एक निर्णय घेण्यास तो बहुधा पुरेसा होतो. जात निश्चित करण्यासाठी तज्ज्ञांना कवचाच्या कडेवरील दात व नराची प्रजनन उपांगे तपासावी लागतात.

## निरीक्षण

बहुतेक आगंतुक खेकडे निशाचर असतात. दिवे मालवल्यानंतर तासा-दोन तासांनी मंद लाल प्रकाशात निरीक्षण करावे. अनेक कवचधारी प्राण्यांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही. वरून, समोरून व नांग्यांजवळून अशी किमान तीन छायाचित्रे पांढऱ्या प्रकाशात घ्यावीत. आकार समजण्यासाठी जवळच्या एखाद्या ठरावीक मापाच्या वस्तूशी तुलना करावी.

टाकलेली कात ओळखीसाठी फार उपयोगी असते. कवचाच्या मागील कडेला फट पडून जुना सांगाडा रिकामा होतो. तो अखंड असल्यामुळे पुष्कळदा मेलेला खेकडा समजला जातो. परंतु तो पोकळ व वजनास हलका असतो. बशीत पाणी घेऊन त्यात ही कात पसरल्यास दात, पाय व बोटांची टोके निवांतपणे मोजता व पाहता येतात आणि जिवंत खेकड्याला धक्का लागत नाही.

खडकातून येणारा टकटक आवाज खेकड्याचाच असतो, असे नाही. पिस्तूल कोळंबी व मॅन्टिस कोळंबी या प्राण्यांचाही तसा आवाज येतो.

## अनुमानातील चुका

मेलेला मासा खाणारा खेकडा दिसला, तर त्यानेच मासा मारला असे सिद्ध होत नाही. अनेक खेकडे मृतभक्षक असून आधीच मेलेल्या प्राण्यावर ते लवकर पोहोचतात. प्रवाळाची ऊती नाहीशी होण्यामागे पाण्यातील क्षारतेचा बदल, तापमानवाढ, रोग, चपटे कृमी किंवा प्रवाळभक्षक गोगलगायी अशी अनेक कारणे असू शकतात. संशयित खेकड्याला वेगळे ठेवून नुकसान थांबते का, हे पाहणे हा अधिक विश्वसनीय उपाय आहे. याउलट, 'लहान आहे तोवर काही करणार नाही' हे गृहीतकही चुकीचे ठरू शकते, कारण कात टाकण्याबरोबर खेकड्याचा आकार, ताकद व भक्ष्याची निवड बदलत जाते.

## पकडणे व वेगळे ठेवणे

सर्वांत सोपा सापळा म्हणजे काचेचा उभा पेला. त्यात कोळंबीचा तुकडा ठेवून पेला खडकाला तिरका टेकवतात. खेकडा खडकावरून आत उतरतो, पण गुळगुळीत काचेवरून त्याला वर चढता येत नाही. खेकडा ठरावीक खडकातच राहत असल्यास तो खडक बाहेर काढून अधिक क्षारतेच्या समुद्री पाण्यात थोडा वेळ बुडवतात. मत्स्यालयातील पाण्याचे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२५ असते, तर अशा पाण्याचे १.०३५ ते १.०४० पर्यंत ठेवतात. गोड्या पाण्यात खडक बुडवल्यास त्यातील उपयुक्त जीवही मरतात. तांबेयुक्त औषधे प्रवाळ मत्स्यालयात वापरू नयेत. ती सर्वच कवचधारी व अन्य अपृष्ठवंशी प्राण्यांना घातक असतात.

काढलेला खेकडा मुख्य टाकीच्या गाळण यंत्रणेतील कप्प्यात किंवा खडक व खाद्य असलेल्या लहान स्वतंत्र टाकीत ठेवता येतो.

झँथिडी कुलातील झोसिमस एनियस, लोफोझोझायमस पिक्टर व अ‍ॅटरगॅटिस फ्लोरिडस यांसारख्या काही जातींच्या शरीरात सॅक्सिटॉक्सिन, टेट्रोडोटॉक्सिन यांसारखी तीव्र विषे आढळतात. शिजवल्याने ती नष्ट होत नाहीत. त्यामुळे मत्स्यालयातील अनोळखी खेकडा माणसाने खाऊ नये किंवा पाळीव प्राण्यांना खाऊ घालू नये.

## कायदा व पर्यावरण

भारतात प्रवाळभित्ती बांधणारे प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये समाविष्ट आहेत. त्यामुळे समुद्रातून प्रवाळ किंवा प्रवाळयुक्त खडक उचलणे बेकायदेशीर आहे. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणच्या समुद्रात प्रवाळ आढळतात व तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. आंतरराष्ट्रीय स्तरावर दगडी प्रवाळांचा व जिवंत खडकाचा व्यापार साइट्स कराराच्या परिशिष्ट २ नुसार नियंत्रित आहे. सिरॅमिक किंवा सिमेंटपासून बनवलेला कृत्रिम खडक वापरल्यास कायद्याचा भंग टळतो आणि त्यासोबत खेकडेही येत नाहीत. त्यावर उपयुक्त जीवाणूंची वाढ होण्यास मात्र काही आठवडे ते महिने लागतात.

नको असलेला खेकडा समुद्रात किंवा खाडीत सोडू नये. तो परक्या समुद्रातील असू शकतो व त्याच्याबरोबर परजीवी आणि रोगजंतूही पसरू शकतात. मत्स्यालयांत वापरले जाणारे कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे शैवाल १९८४ साली मोनॅको येथील सागरी संग्रहालयालगतच्या समुद्रात प्रथम आढळले आणि पुढे भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर दूरवर पसरले. मत्स्यालयातील एक जीव बाहेर पडल्याचे परिणाम किती व्यापक होऊ शकतात, याचे हे प्रसिद्ध उदाहरण आहे.